वाढत्या मापाचं पिस्तूल

पिस्तूल निवडताना लोक आधी कंपनी बघतात, मग किंमत, मग टीव्हीवर दिसणाऱ्या नेमबाजाकडे कुठलं आहे ते. स्वतःचा हात सगळ्यात शेवटी. गेल्या महिन्यात हिंजवडीच्या आमच्या ऑफिसातल्या नम्रताने मला कँटीनमध्ये गाठलं. तिच्या मुलीला नेमबाजीसाठी एअर पिस्तूल घ्यायचं होतं, मुलीचा हात लहान, आणि कुठलं घेऊ हा प्रश्न. मोबाइलमध्ये सतरा पिस्तुलांचे फोटो होते. मुलीच्या हाताचा एकही नव्हता.

मी म्हटलं, "फोटो राहू देत. मुलीला घेऊन ये, हात बघू."

मी ज्योतिष सांगत असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. तिची काही चूक नाही. सत्त्याण्णव साली नागोरावांनी माझा हात बघायला मागितला, तेव्हा माझ्या वडिलांनीही असंच पाहिलं होतं.

नागोराव आमच्या नेमबाजीच्या क्लबात शिपाई होते. कोच नव्हते, नेमबाज तर नव्हतेच. बारा वर्षं तिथे काढली, पण एकदाही पिस्तूल उडवलं नाही. "आवाज आवडत नाई जी मले," म्हणायचे. तरीही लहान हाताच्या माणसाने पिस्तूल कसं निवडावं, हे मला जे काही कळतं ते सगळं त्यांच्याकडून आलेलं आहे. ज्यांचे फोटो क्लबच्या भिंतीवर लागले त्यांच्याकडून काहीही आलेलं नाही.

क्लब म्हणजे गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला असलेलं एक भाड्याचं गोदाम. पूर्वी तिथे गुळाच्या ढेपा ठेवत. ढेपा गेल्या, पण मुंगळ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. नेम धरून श्वास रोखलेला असताना मुंगळा पायावरून चढायला लागला तर काय करायचं, हे शिक्षण जगातल्या कुठल्याही मोठ्या प्रशिक्षण केंद्रात मिळत नसेल. आम्हाला ते फुकट मिळालं. दहा मीटरवर लोखंडी चौकटीत कागदी कार्डं लावलेली असत, एका कार्डावर एकच छर्रा मारायचा. ती कार्डं लावणं, मारून झाली की काढून आणून देणं आणि जमिनीवरचे शिशाचे छर्रे झाडून डब्यात भरणं, हे नागोरावांचं काम.

ते मूळचे वऱ्हाडातल्या कारंज्याकडचे. घराणं कासारांचं. पाठीवर बांगड्यांची पेटी घेऊन वीस-बावीस गावं फिरायचे. कुठल्या गावात कुणाचं लग्न, कुणाचं डोहाळजेवण, हे त्यांना नातेवाइकांच्या आधी ठाऊक असे. मुलगा योगेश भोसरीच्या कारखान्यात लागला तसे ते आणि चंद्रभागाबाई पुण्याला आले, विश्रांतवाडीत खोली घेतली आणि बांगड्यांची हातगाडी लावली. गाडी दोन वर्षं कशीबशी चालली.

"पोरी कम्प्युटरच्या क्लासले जातात जी," ते सांगायचे. "तिथं बांगड्यांचा आवाज होते म्हणून काढून ठेवाले लावतात. एकदा काढल्या का मंग कोन घालते?"

उदारीकरणावर मी पुढे पुष्कळ वाचलं. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

तर हातगाडी विकून नागोराव क्लबात लागले. त्यांच्या जुन्या धंद्याची खूण म्हणजे त्यांचे हात. खाकी शर्टाच्या बाह्यांतून बाहेर आलेले ते हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटावेत इतके मऊ होते. कासाराचा हात खरखरीत असून चालत नाही, गिऱ्हाईक ओरडतं. आणि त्यांना एक सवय होती, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी हाताकडे बघायची. नवा मुलगा क्लबात आला की हे मनातल्या मनात मोजून मोकळे.

मी तेव्हा नववीत होते. आम्ही शनिवार पेठेत राहायचो. माझे वडील शरच्चंद्र हे विमा कार्यालयात हेडक्लार्क, आणि पेठेतल्या हेडक्लार्कची सगळी लक्षणं त्यांच्यात होती. म्हणजे माणूस सरळ, शब्दाचा पक्का, आणि बोलणं असं की समोरच्याला आपला अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळावं. मला नेमबाजीला त्यांनीच घातलं. शाळेच्या सहलीत जत्रेतले सगळे फुगे मी फोडले, एवढ्या भांडवलावर. क्लबात पाच पिस्तुलं होती आणि पाचही मोठ्या पुरुषी पंजासाठी बनलेली. मी त्यातलं एक दोन्ही हातांनी उचलायचे आणि एका हाताने मारायचे. तरी आमचे कोच, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले हिंमतराव, बाबांना म्हणाले, "मुलीच्या डोळ्यात दम आहे. स्वतःचं पिस्तूल घ्या. पुढच्या मे महिन्यात राज्याची निवड चाचणी आहे. चारशेपैकी साडेतीनशे आले की ती संघात."

बाबांनी दोन दिवस विचार केला. शेजारी एकेक करून मारुती घेत होते, आमचीही घ्यायचं घाटत होतं. ती बाजूला ठेवून त्यांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आईने सांगितलं. मला सांगितलं ते एवढंच: "मे महिन्यापर्यंत साडेतीनशे झाले तर पुढे चालू. नाही झाले तर जूनपासून दहावी, आणि हा विषय बंद. चालेल?"

मी चालेल म्हटलं. चौदाव्या वर्षी माणूस कशालाही चालेल म्हणतं.

माझा मावसभाऊ अवधूत तेव्हा सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता आणि कंपनीने त्याला जर्मनीला धाडलं होतं. त्या काळात घराण्यातला एक मुलगा परदेशी गेला की सगळ्या घराण्याची खरेदी त्याच्या डोक्यावर बसायची. कुणाला कॅमेरा, कुणाला मिक्सर, आम्हाला पिस्तूल. त्याने पोस्टाने कॅटलॉग पाठवला, क्लबने परवानगीची पत्रं तयार केली, आणि एका रविवारी सकाळी बाबा कॅटलॉग घेऊन क्लबात आले.

पिस्तूल कुठलं यावर फारसा वाद नव्हता. हिंमतरावांनी एक मॉडेल सांगितलं. नळी थोडी आखूड, त्यामुळे वजन पुढे ओढत नाही, आणि घोडा, म्हणजे बोटाने ओढायचा खटका, मागेपुढे सरकवता येतो. वाद पुढे झाला. त्या पिस्तुलाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ तीन मापांत मिळत होती, लहान, मध्यम आणि मोठी. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर तीन पंजांच्या आकृत्या छापल्या होत्या, आपला हात ठेवून माप ठरवायला.

नागोराव झाडू बाजूला ठेवून टेबलाशी आले. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण त्या पानावर वाचायचं असं काही नव्हतंच.

"साहेब, पोरीचा हात पाहू का जी?"

बाबांनी तसं पाहिलं ते तेव्हा. मग मान हलवली.

नागोरावांनी माझा उजवा हात घेतला. अंगठा तळव्यात दुमडला, बोटांचे सांधे एकत्र आणून हलकेच दाबले, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड चाचपलं. पाच-सात सेकंदांचं काम. बांगडी चढवण्याआधी कासार करतो तेच.

"दोन-दोन," ते म्हणाले. बांगड्यांच्या मापात दोन-दोन म्हणजे मोठ्या बाईचं सगळ्यात लहान माप. "लहान मूठ घ्या जी. हा हात आता नाई वाढत. हाड बसलं. पोरगी उंच होईन, हात इतलाच राहीन."

बाबा म्हणाले, "नागोराव, आपण म्हणता म्हणून बांगडीच्या मापाने पिस्तूल घेऊ. उद्या टोपीच्या मापाने स्कूटर घ्यायला येतो."

नागोराव हसले. त्यांना पेठेतलं बोलणं लागत नसे. वीस गावच्या सासवांच्या हातात बांगड्या भरलेला माणूस तो.

बाबांनी मध्यम मागवली.

याचं कारण समजायचं तर आमचं घर माहीत हवं, आणि खरं तर त्या काळातलं कुठलंही पुणेरी घर. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट वाढत्या मापाची यायची. गणवेश दोन इंच लांब, आत घडी दुमडून शिवलेला, दर जूनमध्ये थोडी थोडी उसवायची. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस. सायकल अशी, की पाचवीपासून नववीपर्यंत माझे पाय जमिनीला टेकले नाहीत. माझ्या लहानपणी कुठलीच वस्तू घेतल्या दिवशी मला बसली नाही, आणि बसायला लागली तेव्हा ती जुनी झालेली असे. कंजूषपणा म्हणाल तर नव्हे. बाबांचा हिशेब सरळ होता, मूल वाढणार, मग वस्तूने त्याची वाट बघावी. एवढं महागाचं पिस्तूल तर नक्कीच बघेल.

जुलैत अवधूत ते घेऊन आला. निळ्या मखमलीत झोपलेलं ते पिस्तूल मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात त्याआधी आली नव्हती. हातात घेतलं आणि कळलं की हीसुद्धा बसत नाही.

मुठीत माझा तळवा पोहत होता. घोडा मागे सरकवून सरकवून शेवटच्या खाचेपर्यंत आणला, तरी तिथे माझ्या बोटाचं टोक तेवढं पोचायचं. इथे थोडं सांगायला हवं. घोड्यावर बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य बसायला हवा, म्हणजे घोडा सरळ मागे येतो. नुसतं टोक पोचलं की बोट घोड्याला ओढत नाही, बाजूला ढकलतं. उजव्या हाताच्या माणसाचा छर्रा मग डावीकडे जातो. कार्डावरच्या गोलाला आम्ही घड्याळ मानायचो, वर बारा, खाली सहा. माझे छर्रे नऊकडे जायला लागले. ऑगस्टमध्ये नऊकडे, दिवाळीत नऊकडे, संक्रांतीला नऊकडे. तीनशे तीस, तीनशे अठ्ठावीस, एकदा तीनशे पस्तीस. साडेतीनशे काही दिसेना.

हिंमतराव म्हणायचे, मन एकाग्र नाही. आई म्हणायची, डोळे तपासून घ्या. बाबांनी मुठीला कापडी चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, बुटातल्या कापसाच्या धर्तीवर. त्याने मूठ आणखी जाड झाली आणि बोट होतं तेही मागे आलं. मी स्वतः काय म्हणायचे? आपल्यातच काही तरी कमी आहे असं मला वाटायला लागलं होतं. मारुती गेली ती माझ्यामुळे, एवढं मात्र पक्कं डोक्यात बसलं होतं.

नागोराव कार्डं आणून टेबलावर ठेवायचे. ऑगस्टच्या अखेरीलाच एकदा ते बाबांना म्हणाले, "साहेब, मूठ तासून देऊ का? लाखेच्या बांगड्या घासून माप देत होतो म्या. लाकूड तर सोपं हाये."

"आणि हात वाढला की?" बाबा म्हणाले. "फ्रॉकची शिलाई उसवता येते नागोराव. तासलेलं लाकूड आपण परत लावून द्याल का?"

"नाई लागत जी," नागोराव म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. वाटायचं, हा माणूस भांडत का नाही? आता कळतं की बांगडी कधीही जोर करून चढवत नाहीत.

बाबा मात्र त्या दिवसापासून एक करायला लागले. दर महिन्याच्या एक तारखेला ते भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचे, पाठची कोरी बाजू वर करायचे, त्यावर माझा उजवा पंजा ठेवायला लावायचे आणि पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ काढायचे. पेन्सिल नुकतीच टोक केलेली. खाली तारीख. पुढच्या महिन्यात त्याच आकृतीवर पुन्हा हात, पुन्हा रेघ. वाढ दिसली तर ती रेघेबाहेर दिसणार. त्या वर्षात मी दोन इंचांनी उंच झाले, गणवेशाची सगळी घडी संपली. कॅलेंडरच्या पाठीवर मात्र एकच पंजा होता, त्याची रेघ तेवढी जाड होत चालली होती.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाबा ते कॅलेंडर गुंडाळी करून क्लबात घेऊन आले. मला वाटलं, आता हिंमतरावांना दाखवून माझं नाव काढून घेणार. ते सरळ मागच्या बाजूला गेले, जिथे नागोराव छर्रे चाळत बसले होते, आणि कॅलेंडर त्यांच्यासमोर जमिनीवर पसरलं.

"आठ महिने," बाबा म्हणाले.

नागोरावांनी त्या जाड रेघेवरून बोट फिरवलं. मी सांगत होतो ना, असं म्हणायची त्यांना पूर्ण मुभा होती. आमच्या पेठेत कुणी ती सोडली नसती.

"आठ महिने धीर धरला तुमी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक माह्यासमोर आठ मिनिटं नाई धरत."

बाबांनी पिस्तुलाची पेटी त्यांच्या हातात दिली. "तासा," म्हणाले, आणि बाहेर निघून गेले. त्यांना ते बघवणार नव्हतं. समोरच्या टपरीवर त्यांनी त्या सकाळी तीन चहा घेतले. एरवी बाहेरचा चहा ते घेत नसत.

नागोरावांचं काम तीन रविवार चाललं. त्यांनी घरून कणकेचा गोळा आणला होता, तो मला मुठीत घट्ट धरायला लावला, आणि उघडल्यावर उमटलेले खळगे बराच वेळ बघत बसले. मग माझ्या तळव्याला कपड्यांची नीळ चोळली आणि म्हणाले, "धर माय, जशी मारतं तशी धर." मी मूठ धरली, सोडली. जिथे लाकडावर निळा डाग तिथे हात टेकतोय. जिथे डाग दाट तिथे लाकूड जास्त. तेवढंच कानशीने घासायचं, पुसायचं, पुन्हा नीळ, पुन्हा धर. एका वेळी केसाएवढं. घाई नाही, बोलणं नाही. मधूनच माझा हात हातात घेऊन अंगठ्याच्या बेचक्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. माझे तळवे आठवडाभर निळे राहायचे, शाळेत मुली विचारायच्या.

तिसऱ्या रविवारी त्यांनी पॉलिश पेपरचा शेवटचा हात मारला, तेल लावलं आणि पिस्तूल माझ्याकडे दिलं. मी ते धरलं. काय वाटलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू मला बसली होती, आजच्या आज. कुणाची वाट न बघता. मी तिथेच रडायला लागले आणि नागोराव घाबरून म्हणाले, "लागते का कुठं?"

पुढे त्यांच्या या कामाची फार कीर्ती झाली, ते इथेच सांगून टाकते. सांगली-साताऱ्याहून मुली मूठ तासून घ्यायला यायच्या. दोन हजार सालानंतर आयटीतली मुलं हौसेने क्लबात येऊ लागली, महागडी पिस्तुलं ऑनलाइन बघून ठरवलेली. नागोराव आधी त्यांचे हात बघायचे. "पिस्तुलाले सोड, बाबू. हात दाखव." त्यांचे नियम तीन-चारच होते. बोटाचं पेर घोड्यावर आपोआप पडायला हवं, ताणून नव्हे. अंगठ्याचं बेचकं मुठीच्या पार वर बसायला हवं. नळी कोपरापासून सरळ रेषेत यायला हवी, मनगट वळवून नव्हे. आणि डोळे मिटून पिस्तूल उचललं, की डोळे उघडल्यावर ते नेमाच्या आसपास सापडायला हवं. नाही सापडलं तर ते तुझं नाही, किंमत काही का असेना. एका मुलाने विचारलं की काका, हे कुठे शिकलात? "बांगड्यात," नागोराव म्हणाले, आणि तो मुलगा बिचारा बांगडा नावाचं गाव नकाशात शोधत बसला असेल. दोन हजार सहाला त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी कानस आपणहून बाजूला ठेवली आणि योगेशने त्यांना कारंज्याला नेऊन सोडलं. तिथेच ते गेले. मला कळलं तेव्हा दीड महिना होऊन गेला होता.

पण मे महिना राहिला.

निवड चाचणी पुण्यातच, एका शाळेच्या सभागृहात होती. नव्या मुठीवर मला जेमतेम तीन आठवडे मिळाले होते. सरावात तीनशे शेहेचाळीस आले, मग एकदा तीनशे बावन्न. हिंमतराव म्हणाले, होतंय. बाबांनी त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कार्डं लावायला क्लबांनी आपापली माणसं पाठवली होती, त्यात नागोराव होते. चाचणी सुरू असताना त्यांना माझ्याशी बोलायची परवानगी नव्हती. दहा मीटरवर ते कार्ड लावायचे, बाजूला व्हायचे, पुन्हा यायचे, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत.

चाळीस छर्रे. पहिल्या दहांत माझं काळीज इतकं धडधडत होतं की पिस्तुलाचं टोक श्वासागणिक वरखाली होत होतं. नंतर शांत झालं, मग शेवटच्या पाचांत पुन्हा तेच. बाहेर येऊन बसलो. तासाभराने फळ्यावर आकडे लागले.

तीनशे सत्तेचाळीस.

मी आकडा दोनदा वाचला. बाबांनी एकदाच वाचला. तीन कमी. चालेल असं मी म्हटलं होतं, त्यांनी मला विचारून घेतलं होतं, आणि आमच्या घरात दिलेला शब्द वाढत्या मापाचा नसे. बाबांनी पेटी उचलली आणि म्हणाले, "चला."

सभागृहाच्या पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात मागून नागोराव आले. त्यांच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता. तपासून झालेली माझी चाळीस कार्डं, जी नाही तरी रद्दीत जाणार होती, ती त्यांनी कुणाला तरी विचारून मागून घेतली होती.

"साहेब, घडीभर बसा जी."

"निकाल पाहिला आम्ही, नागोराव."

"तो म्या नाई पायला. मले आकडे नाई समजत. भोकं समजतात." आणि ते पायरीवर बसलेसुद्धा. एकेक कार्ड ते बाबांच्या पायाशी ओळीने मांडू लागले, एका पायरीवर दहा, खालच्या पायरीवर दहा. येणारीजाणारी माणसं वळसा घालून जाऊ लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगाला माझे तीन कमी दिसत होते.

"हे वर गेलं. हे खाली. हे बी खाली. भेलं हाये लेकरू, दुसरं काई नाई," नागोराव म्हणाले. "आता नऊकडं पाहा."

बाबांनी पेटी खाली ठेवली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वाकले. हेडक्लार्क माणूस, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली पायरी, दुसरी पायरी. मध्ये एकदा थांबून एक कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं, परत त्याच जागी ठेवलं. तिसरी, चौथी. मी इतका वेळ त्यांच्या तोंडाकडे कधीच बघितलं नव्हतं. चाळीस कार्डं संपली तेव्हा ते सरळ उभे राहिले.

"नऊकडे एकही नाही," ते म्हणाले.

"एक बी नाई."

"आठ महिने मी—" बाबा म्हणाले. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, तो काही मळलेला नव्हता. मग त्यांनी ती कार्डं स्वतः एकेक करून गोळा केली, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिली.

"नागोराव, रविवारी आपण क्लब किती वाजता उघडता?"

वर्षभर दर रविवारी मला तिथे सोडायला येणाऱ्या माणसाने हे विचारलं.

"साडेसहाले जी."

"दहावीचा हिचा क्लास साडेसातला लागणार आहे, स्वारगेटला. साडेपाचला उघडता येईल का?"

नागोरावांनी थोडाही विचार केला नाही. "उघडतो जी," म्हणाले.

इतक्या पहाटे विश्रांतवाडीहून बस मिळत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. ते मला पुढे कितीतरी वर्षांनी योगेशकडून कळलं. ते पूर्ण वर्ष, दर रविवारी, नागोराव योगेशची सायकल घेऊन येत होते.